सस्काटूनचा पैरा

हट्टी माणसं मी आयुष्यात पोत्यानं पाहिली आहेत. निपाणीच्या एका हायस्कुलात तेहतीस वर्षं क्लार्की केलेल्या माणसाला त्यांचा तुटवडा पडत नाही. पण परक्या मुलखात राहायला जायचं आणि तिथली रीत शिकायची सोडून त्या मुलखालाच आपल्या गावची रीत लावायला निघायचं, असला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. साडू हे नातंच विचित्र. बायको निदान एकदा दुरून तरी पाहिलेली असते. साडू मात्र बायकोच्या थोरल्या बहिणीबरोबर आधीच येऊन बसलेला असतो, आणि मांडवातल्या पहिल्या पंगतीपासून त्याचा शेजार आपल्या नशिबी येतो. आमचे साडू कंग्राळीचे. सहा एकर रान, आणि बटाटा-रताळी पिकवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. जो माणूस चहा बशीतच पितो आणि बशी नसली तर चहाच नको म्हणतो, त्याच्याविषयी चांगलं बोलायचं काम दुसऱ्यांनी करावं.

आक्का, म्हणजे त्यांची बायको, वारल्या आणि हे घरात एकटे उरले. त्यांची एकुलती एक लेक रूपा कॅनडात सस्काटून नावाच्या शहरात नर्स आहे. हुशार, कष्टाळू, आणि लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवणारी. तिनं बापाला तिकडं न्यायचं ठरवलं. रान चुलतभावाला वाट्यानं दिलं, घराला कुलूप लावलं. रूपानं फोनवर बजावलं होतं की मातीचा कणसुद्धा आणायचा नाही, तिथले लोक सामान अडवून ठेवतात. आता शहाणा माणूस काय करील? अवजारं घरी ठेवील. ह्यांनी कुदळ चिंचेनं आणि राखेनं दोन दिवस घासली, देवातल्या समईसारखी लखलखीत केली आणि धोतरात गुंडाळून बॅगेत घातली. दांडा तेवढा मागं ठेवला, कारण लाकूड काय, कुठंही मिळतं. तिथल्या विमानतळावर एका बाईनं ते धोतर उलगडलं तेव्हा कुदळीत तिला स्वतःचं तोंड दिसलं, असं रूपा सांगते. सोडलं बिचारीनं. कुठल्या कलमाखाली अडवायचं हेच तिला सापडलं नसणार.

हे ऑक्टोबरात गेले. फेब्रुवारीत माझ्या बायकोनं घोषणा केली, की दाजी तिकडं रमत नाहीत, रूपा रडते, तेव्हा आपण दोघांनी चार महिने जाऊन राहायचं. मी म्हटलं, दाजी नाही रमले तर मी जाऊन काय रमवणार, मला काय तमाशा येतो? पण आमच्या घरात माझ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची पद्धत नाही. तिकिटं आली आणि उणे तीसच्या थंडीत आम्ही सस्काटूनला उतरलो. साडू घ्यायला आलेले. रूपानं घेतलेल्या महागाच्या जाकिटावर त्यांनी कंग्राळीहून आणलेल्या घोंगड्याची खोळ पांघरली होती. विमानतळावरची सगळी माणसं त्यांच्याकडं बघत होती आणि ते सगळ्यांकडं बघून मान डोलवत होते, जसं काही लग्न त्यांच्याच घरचं आहे.

पहिल्याच दिवशी मला कळलं की हे गृहस्थ त्या शहरात कानडी बोलतात. आमच्या सीमाभागात समोरच्याला मराठी कळलं नाही की त्याच्याशी कानडीत बोलायचं, हा साधा नियम आहे. बसमध्ये, बाजारात, कचेरीत, सगळीकडं तो लागू पडतो. साडूंच्या डोक्यात तो असा काही घट्ट बसलेला, की ज्याला मराठी येत नाही त्याला कानडी येणारच. शेजारच्या घरी एक म्हातारी गोरी बाई एकटी राहायची. तिला हे रोज सकाळी कुंपणावरून "ऊट आतेन्री?" म्हणून विचारायचे, म्हणजे जेवण झालं का. ती बाई हसून काहीतरी बोलायची, हे मान हलवायचे, आणि दोघांचं समाधान व्हायचं. बसच्या ड्रायव्हरलाही त्यांनी कानडीत कुठं उतरायचं ते सांगितलं होतं. रूपानं आधीच चिठ्ठी लिहून दिली होती आणि ड्रायव्हरनं ती वाचून बरोबर थांब्यावर उतरवलं. पण श्रेय गेलं कानडीला. मी इंग्रजीचं महत्त्व समजावून सांगायला लागलो तेव्हा मला म्हणाले, की पाव्हणं, तुमचं इंग्रजी कागदाला बरं हाय. हे मला! तेहतीस वर्षं दाखले लिहिणाऱ्या माणसाला!

रूपानं बापाला रमवायला काय काय केलं म्हणून सांगू. देवळात नेलं, आपल्या लोकांच्या तिळगुळाच्या कार्यक्रमाला नेलं, म्हाताऱ्यांच्या एका क्लबात नाव घातलं. तिथं आठवड्यातून दोनदा म्हातारी मंडळी जमून चहा पितात आणि पत्ते खेळतात. साडूंनी अर्धा तास कळ काढली, मग उठले आणि सगळ्यांच्या कपबशा गोळा करून विसळायला बसले. लोक नको नको म्हणाले तर ह्यांना वाटलं भीड पडली आहे. दुसऱ्या आठवड्यात क्लबानं त्यांच्या गळ्यात एक कार्ड अडकवलं. त्यावर काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं. स्वयंसेवक. तेव्हापासून ते कार्ड घरीसुद्धा काढत नव्हते. गल्लीतल्या लोकांची नावं त्यांना उच्चारता येत नव्हती, तर त्यांनी सगळ्यांना कंग्राळीची नावं देऊन टाकली. समोरचा सहा फुटी म्हातारा रेल्वेतून निवृत्त झालेला. तो म्हणे चालण्यात खालच्या गल्लीतल्या बाळूसारखा, म्हणून बाळू. कुंपणापलीकडची बाई हौसाक्का. कोपऱ्यावरच्या घरात फिलिपिन्सहून आलेलं एक जोडपं होतं. त्यातला नवरा चष्मा लावायचा, म्हणून मास्तर. मी विचारलं, आणि मी कोण? तर म्हणाले, तुम्ही न्हवं का, साडू.

पण ह्या सगळ्यावर कडी म्हणजे बर्फाचं प्रकरण. तिथं आपापल्या दारापुढच्या पायवाटेवरचं बर्फ ज्याचं त्यानं काढायचं असतं. साडू पहाटे उठायचे, खोळ पांघरायचे, आणि आपलं दार झालं की बाळूचं, मग हौसाक्काचं, मग मास्तरचं, असं करत सबंध गल्लीतल्या अकरा घरांपुढचं बर्फ ओढून यायचे. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. अकरातल्या सहा जणांकडं बर्फ काढायची यंत्रं होती. मी म्हटलं, हे काय चालवलंय? तर म्हणाले, पैरा. ज्यांना पैरा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं पेरणी-काढणीला आज तुम्ही माझ्या रानात येता, उद्या मी तुमच्या रानात येतो. त्यात मजुरी नसते. ज्याचं रान त्यानं दुपारी जेवायला घालायचं, आणि घेतलेला दिवस दिवसानंच फेडायचा. ज्याचा कुणाशी पैरा नाही तो गावात राहत असला तरी गावचा नव्हे, असं कंग्राळीत मानतात. आता ही रीत बर्फाला लावायची, आणि तीही ज्यांना पैरा हा शब्द सात जन्मात ऐकू येणार नाही अशा लोकांना, ह्याला तुम्ही काय म्हणाल? मी जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

एके दिवशी बाळूनं त्यांच्या हातात वीस डॉलरची नोट ठेवली. साडूंचा चेहरा असा झाला, की मला वाटलं कुणीतरी गेल्याची बातमी आली. ती नोट त्यांनी बाळूच्या पत्रपेटीत नेऊन टाकली. बाळूला वाटलं रक्कम कमी पडली, त्यानं चाळीस दिले. तेही परत. मग त्यानं दारूची बाटली आणून दिली. ती परत गेली नाही, कारण ती मधल्या मधे माझ्या खोलीत आली आणि माझ्या सर्दीला उपयोगी पडली. साडू दोन दिवस जेवले नाहीत नीट. "मला गडी समजला त्यो," एवढंच एकदा म्हणाले. मी सुनावलं, की गडी नाही तर काय जहागीरदार समजेल? न बोलावता लोकांच्या दारात राबायचं आणि वर मानाची अपेक्षा. दुसऱ्या दिवशी पहाटे साडू पुन्हा खोळ पांघरून बाहेर.

एप्रिलात एका रविवारी जेवताना रूपानं मनातलं बोलून टाकलं. तिच्या दवाखान्यात कायमची जागा निघाली होती. होय किंवा नाही ते मे अखेरपर्यंत कळवायचं होतं. सहा वर्षं ज्या जागेसाठी तिनं पाळ्या केल्या, ती ही. ती भात कालवत, वर न बघता म्हणाली, "आप्पा, तुमचा जीव इथं लागत न्हाय, मला दिसतंय. मी नोकरी सोडते. आपुन दोघं कंग्राळीला जाऊ." माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. साडूंनी घास गिळला, ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि खिडकीपाशी जाऊन बसले. मला इतका संताप आला! लेक नोकरीवर पाणी सोडायला निघाली आहे आणि हा माणूस खिडकीतून रस्ता बघतोय. कंग्राळीला परत जायला मिळणार म्हणून आतून खूश असेल, असं माझ्या मनात आलं. हात धुऊन मी त्यांच्यामागं जाऊन उभा राहिलो आणि मुद्दाम टोचलं. म्हटलं, कुणाची वाट बघताय? येतील हं सगळे पैरा फेडायला, हलगी वाजवत.

ते वळले नाहीत. "त्यांनी आपनहून यायाचं नसतंय, पाव्हणं," म्हणाले, "आदल्या दिवशी सांजचं जाऊन आपुन बोलवायचं असतंय. पण कशाला बोलवू? इथं काम काय हाय माझं? कंग्राळीला उद्या जाईन मी, मला काय वंगाळ हाय तिथं? पर मी गेलो की ही बी येणार. आईनं शिकीवलं तिला, रताळी इकून. ते मी मोडू व्हय?"

हा माणूस सबंध हिवाळाभर त्या परक्या गावात स्वतःला रुजवायची धडपड करत होता, ती स्वतःसाठी नव्हे, आणि मला तो आडमुठेपणा वाटत होता. अर्थात आडमुठेपणा तो होताच. मी म्हटलं, चला, ताक राहिलंय घ्यायचं.

मे महिना निम्मा सरला आणि मागच्या अंगणातलं शेवटचं बर्फ गेलं. खाली गवत. साडूंनी पावलं टाकून मोजलं आणि आत येऊन जाहीर केलं, की दीड गुंठा भरतंय, बटाटा लावायचा. रूपा म्हणाली लावा. दांडा मिळवून कुदळीला बसवेपर्यंत मे संपत आला. मी म्हटलं, एवढं तुम्ही एकटेच चार दिवसांत उरकाल. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी शाळेत कधी कधी शिपायाकडं बघत असे. "उरकीन की. पर एकट्यानं उरकायचंच न्हाय. चला, तुमचं इंग्रजी घिऊन."

संध्याकाळी आम्ही दारोदार फिरलो. मी एक वाक्य कागदावर नीट लिहून घेतलं होतं. पहिल्याच दारात, बाळूकडं, मी सुरुवात केली, की हे माझे... आणि तिथंच अडलो, कारण इंग्रजीत साडू नाही. मी बायको, बायकोची बहीण, बहिणीचा नवरा असं समजावत राहिलो, आणि बाळूला वाटलं घरात काहीतरी भानगड झाली आहे. तो चपला घालून निघायलाच लागला. तेव्हा साडूंनी मला बाजूला सारलं. कुदळ पुढं धरली, आमच्या घराकडं हात केला, आभाळात एक बोट रोखून सूर्य कुठं असताना यायचं ते दाखवलं, मग घास तोंडात घातल्याची खूण केली, आणि म्हणाले, "नाळे बर्री." म्हणजे उद्या या. अकराच्या अकरा दारांत हेच. मी मागं कागद हातात घेऊन उभा.

सकाळी सातला साडू कुदळ घेऊन अंगणात. बायको आणि रूपा पहाटेपासून स्वयंपाकाला लागलेल्या. ज्वारीच्या भाकरी, झुणका, मिरच्यांचा खर्डा, दही. वीस माणसांचं. सात वाजले, साडेसात, आठ. फाटकाशी कुणी नाही. रूपा स्वयंपाकघराच्या खिडकीत हात पुसत उभी होती, कितीतरी वेळ कोरडेच हात पुसत होती. दवाखान्याला दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. मी मनात म्हटलं, झालं, आता ही कंग्राळीची तिकिटं काढणार. साडूंनी फाटकाकडं एकदाही बघितलं नाही. हातावर थुंकले आणि पहिला घाव घातला. गवताखालची ती जमीन दगडासारखी. कुदळ टणकन उडाली. दुसरा घाव. तिसरा. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पाव्हणं, धरा की."

मी जन्मात कधी कुदळ धरलेली नाही. माझ्या वडिलांनी मला ती धरावी लागू नये म्हणूनच शाळेत घातलं होतं. पण रूपा खिडकीत होती. इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि फावडं घेतलं. दहा मिनिटांत हाताला फोड. साडू म्हणाले, "खणताय का उकरताय?" मी दम खायला फावड्यावर रेललो.

साडेनऊला बाळू आला. स्वतःचं फावडं घेऊन, रेल्वेचं जुनं जाकीट घालून, अगदी वेळेवर आल्याच्या तोऱ्यात. आणि तो वेळेवरच आला होता, कारण साडूंनी आभाळात जिथं बोट रोखलं होतं तिथं सूर्य बरोबर साडेनऊला पोचला. तिकडं मे महिन्यात तो पाचलाच उगवतो, पण पार ईशान्येला, आणि आडवा सरकत पूर्वेकडं यायला त्याला नऊ वाजतात. कंग्राळीचा सूर्य सस्काटूनला चालत नाही हे साडूंना कोण सांगणार! पाठोपाठ मास्तर आणि त्याची बायको. मग हौसाक्का, काठी टेकत. तिला खणणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं येताना घडीची खुर्ची आणि एक सुरी आणली होती. तीही शेतकऱ्याची लेक निघाली. बियाण्याचे बटाटे मांडीवर घेऊन ती फोडीगणिक कोंबाचा डोळा राखून फोडी करायला बसली. साडूंनी फोडींना राख चोळायला घेतली तेव्हा तिनं आपल्या भाषेत काहीतरी आक्षेप घेतला, ह्यांनी कानडीत उत्तर दिलं, दोघांचं चांगलं दहा मिनिटं भांडण झालं आणि शेवटी अर्ध्या फोडींना राख लागली.

अकरा घरांतून चार माणसं. कंग्राळीत ह्याला नाचक्की म्हणतात, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. साडू घाम पुसत म्हणाले, चार आली न्हवं? दुपारी खणलेल्या कडेला बसून सगळे जेवले. बाळूनं खर्डा चटणी समजून चमच्यानं खाल्ला, त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि पाणी पिऊन त्यानं पुन्हा मागितला. रूपा वाढत होती. बापाच्या पानात भाकरी टाकताना ती खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, उद्या दवाखान्याला काय कळवू?"

"कळीव की व्हय म्हणून," साडू म्हणाले, "आता कसं जातोय आपुन? चार मानसांचं दिवस अंगावर घेतल्यात."

मला राहवलं नाही. म्हटलं, अंगावर कसले? तुम्ही हिवाळाभर त्यांचं बर्फ काढलं, ते फिटलं की आज. तर हा माणूस शांतपणे म्हणतो, की न बोलावता केलेलं पैऱ्यात धरत नाहीत. म्हणजे पाच महिने उणे तीसमध्ये जे राबला, ते त्याच्याच हिशेबानं जमेस नव्हतं, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! रूपा पटकन आत निघून गेली. माझी बायको तिच्यामागं गेली. मी दह्याची वाटी ओढून घेतली आणि कुणाकडंच बघितलं नाही.

आम्ही निघालो त्या दिवशी साडू विमानतळावर आले, खोळ नाही, पण गळ्यात कार्ड. माझी बॅग हातात देताना म्हणाले, "पाव्हणं, तुमचा बी एक दिवस हाय माझ्याकडं. फेडाय येतो." मी म्हटलं, या, माझ्या कुंड्यांना पाणी घाला.

ह्याला दोन वर्षं झाली. बाळूच्या घराचं कुंपण साडूंनी रंगवून दिलं, मास्तरचा माळा आवरला, हौसाक्काचं अंगण खणलं. तिथं दोन दिवस गेले, म्हणून आता तिच्याच अंगावर ह्यांचा एक दिवस आहे म्हणे. दर रविवारी फोन येतो. पहिल्यांदा जेवण झालं का, आणि लगेच, "काम काढलासा का न्हाय? तुमचा दिवस तेवढा ऱ्हायलाय." गेल्या दिवाळीपासून रूपा मात्र हळू आवाजात सांगते, की आप्पांचे गुडघे गेलेत, एवढा लांबचा प्रवास डॉक्टर नको म्हणतात. त्यांना तिनं अजून सांगितलेलं नाही. मीही नाही.

आमच्या निपाणीच्या घरामागं हातभर जागा आहे. गेल्या पावसापासून तिथं काँग्रेस गवत माजलंय, दगडगोटे पडलेत. बायको रोज कटकट करते, की एका दिवसाचं तर काम आहे, गडी लावून साफ करून घ्या. मी म्हणतो, राहू दे. ते काम एका माणसाला सांगून ठेवलंय.